देवखडकीचा धूळभार

त्या वर्षी देवखडकीत कुणी भेटलं की लोक तब्येत विचारत नसत. "सही केली का?" हा पहिला प्रश्न असे, आणि उत्तर ऐकून पुढे बोलायचं की स्कूटर सुरू करायची ते ठरे.

साल होतं २०४३. देवखडकी हे पूर्व विदर्भातलं लाखभर वस्तीचं गाव. गावाला लागूनच कोळशावर चालणारं वीज केंद्र, त्याच्या तीन चिमण्या आणि चिमण्यांपलीकडे राखेचा बंधारा. वारा उत्तरेचा असला की बाया धुतलेले कपडे गच्चीवर टाकत नसत. टाकलेच तर पांढरे कपडे करडे होऊन घरात येत. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग नवा कायदा आला.

स्वच्छ हवा व अक्षय ऊर्जा कायद्याचं चौथं कलम पहिल्यांदाच साध्या माणसाच्या हाती काही देत होतं. प्रकल्पाभोवतीच्या वीस किलोमीटरमधल्या दर पाच प्रौढांपैकी तिघांनी सही करून पाठिंबा दिला, आणि लोकांच्या फुफ्फुसातली निम्म्याहून जास्त धूळ त्याच प्रकल्पाची आहे असं सिद्ध झालं, तर तो प्रकल्प बंद करून तेवढीच वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळवणं सरकारला भाग होतं. सह्या गोळा करणं काही नवं नव्हतं. पण फुफ्फुसातली धूळ कुणाची, हे सांगणार कोण?

ते सांगणारं यंत्र गावच्या आरोग्य केंद्रात होतं आणि ते चालवण्याचा परवाना एकट्या प्रणाली झाडेकडे होता. प्रणाली चाळीस वर्षांची, प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. बोलणं कमी, अक्षर सुरेख.

यंत्राचं नाव कणवाचक. त्यामागचं विज्ञान प्रणाली येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, कारण न समजता कुणी नमुना देऊ नये असं तिला वाटे. आपण श्वासाबरोबर ओढलेली बारीक धूळ सगळीच बाहेर पडत नाही. काही कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. तिथं पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या हे कण गिळतात आणि पोटात बाळगून बसतात. माणसाला दहा मिनिटं मिठाच्या पाण्याची वाफ दिली की तो खोलवरून खोकतो आणि थुंकीबरोबर या पेशी बाहेर येतात. इथपर्यंतचं डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. कणवाचक त्या पेशींमधल्या एकेका कणाचा आकार टिपे आणि मग त्यावर लेझरचा झोत मारी. कण जळताना जो प्रकाश निघतो त्यावरून त्यात काय काय होतं ते कळे. बॉयलरच्या भयंकर उष्णतेत राख वितळते, म्हणून तिचे कण काचेच्या मण्यांसारखे गोल असतात. लाकडाच्या धुरात पोटॅशियम जास्त. डिझेलची काजळी साखळीसारखी. शिवाय प्रत्येक खाणीच्या कोळशात आर्सेनिक, सेलेनियम यांचं प्रमाण निराळं, त्यामुळे कोणत्या बॉयलरची राख हेही ओळखता येई. "शिजलेल्या भाताच्या वासावरून बाई धानाचा वाण ओळखते ना, तसं," प्रणाली म्हणायची. सोबत यंत्र आणखी एक आकडा देई: त्या माणसाच्या फुफ्फुसात एकूण धूळ किती. त्याला धूळभार म्हणत.

पाठिंब्याच्या सह्या एकोणचाळीस हजारांवर गेल्या होत्या. लागत होत्या त्यापेक्षा अडीच हजार जास्तच. बाराशे लोकांचे नमुने वॉर्डनिहाय द्यायचे होते, त्यांतले एक हजार अठ्ठ्याऐंशी झाले होते. बाकीचे एकशे बारा एकाच वॉर्डातले, बंधाऱ्याखालच्या कामगार वसाहतीतले. तिथून एकही माणूस आला नव्हता.

एका सोमवारी सकाळी प्रणालीने झालेल्या नमुन्यांची सरासरी काढली. वीज केंद्राचा वाटा सत्तेचाळीस पूर्णांक सहा टक्के. उरलेली धूळ कोळशाच्या शेगड्यांची, ट्रकांची, वीटभट्ट्यांची.

सही मोहीम चालवणाऱ्या कुंदाताई पिंपळशेंडे आकडा ऐकून खुर्चीतच खचल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली. त्यांची सात वर्षांची नात दप्तरात श्वासाचा पंप घेऊन शाळेत जाई.

"अडीच टक्के, प्रणाली. अडीच टक्क्यांसाठी सगळं वाया?"

"वसाहतीतले लोक आले तर आकडा चढेल, ताई. राख तेच उचलतात."

"ते कशाला येतील? प्रकल्प बंद झाला तर कायम नोकरदारांची बदली होईल. हे कंत्राटी. यांना कोण विचारतं?" कुंदाताईंनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या वर्षी वसाहतीत क्षयरोगाचं शिबिर झालं होतं ना? त्या थुंकीच्या काचपट्ट्या तुझ्याच फ्रीजमध्ये आहेत."

"त्या क्षयासाठी घेतलेल्या आहेत. यासाठी त्यांची संमती नाही."

"मला ठाऊक आहे," कुंदाताई म्हणाल्या. "पण नातीला झटका येतो तेव्हा मला कलमं आठवत नाहीत."

त्या गेल्यावर प्रणालीने फ्रीज उघडला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी केंद्र रिकामं होतं तेव्हा तिने पट्ट्यांचा खोका बाहेर काढला. नावं झाकली आणि एकेक पट्टी यंत्रात सरकवत गेली. कुणाला सांगायचं नाही, फक्त आपल्याला कळावं, असं तिने स्वतःला बजावलं होतं. संध्याकाळी सरासरी आली: एक्क्याऐंशी टक्के. हे लोक धरले तर गावाचा आकडा पन्नासच्या पुढे जात होता. म्हणजे गाव म्हणत होतं ते खरं होतं, आणि ते सिद्ध करणारी माणसं गप्प बसली होती.

एका पट्टीवरचं नाव मात्र तिने झाकलं नव्हतं. मोरेश्वर गौरकार. तिचा सख्खा भाऊ.

मोरेश्वर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, राखेच्या पाइपलाइनवर कंत्राटी काम करून तिचा लॅबचा डिप्लोमा पुरा केला. वसाहतीत त्याचा शब्द चाले, कारण अपघात झाला की ठेकेदाराच्या दारात तोच पहिला उभा राही. गेल्या वर्षभरापासून तो खोकत होता. विचारलं की म्हणे, "राखेतला माणूस खोकणारच."

त्याच्या पट्टीवर वीज केंद्राचा वाटा शहाऐंशी टक्के होता. धूळभार एवढा, की प्रणालीने ती पट्टी दोनदा तपासली.

रविवारी सकाळी ती वसाहतीत गेली. मोरेश्वर अंगणात सायकलची चेन बसवत होता. वहिनीने चहा ठेवला. प्रणालीने चहा होण्याचीही वाट पाहिली नाही, केलं ते सगळं सांगून टाकलं.

मोरेश्वरचे हात थांबले. "म्हणजे आमची थुंकी चोरली तुनं?"

"हो, भाऊ."

"ठेकेदार आमचे दिवस चोरते. अन् तू, माही बहीण, आमची थुंकी चोरते." तो उठून उभा राहिला. बोलताना त्याला धाप लागत होती. "कोनाले दाखवलं?"

"कोणालाच नाही. दाखवणारही नाही. पुसून टाकले आकडे."

"मंग सांगाले कायले आली?"

"तुमच्याशिवाय हे कोणी खरं सांगू शकत नाही म्हणून. अन्..." ती सायकलकडे बघू लागली. "अन् तुझा आकडा मला माहीत झाला म्हणून."

वहिनी दारात आली. मोरेश्वरने तिच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. "किती हाय?"

तिने सांगितलं. शंभरातले शहाऐंशी कण वीज केंद्राच्या राखेचे. एकूण भार सुरक्षित मर्यादेच्या चौपट. एवढ्या भाराला फुफ्फुसाची निम्मी ताकद गेलेली असते.

मोरेश्वरने खाली बसून चेन बसवली. मग चेनचं ग्रीस पुसून म्हणाला, "तू जाय आता. मले ड्युटी हाय."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "तुह्या मास्तरीनबाईले घेऊन येजो. लोक बसून हायेत."

वसाहतीच्या समाजमंदिरात दोनेकशे माणसं जमली होती. बहुतेकांच्या भुवयांवर राख. कुंदाताईंनी भाषण केलं नाही. त्या म्हणाल्या, "एक वर्षापासून मी सह्या मागत फिरते. तुमच्या वस्तीत मी एकदाच आले, तेही जीपमधून. मी चुकले." मग त्यांनी सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. बंधारा बुजवून त्याच जमिनीवर सौर पॅनल बसणार होते. तिथल्या कामांत सध्याच्या कंत्राटी कामगारांना पात्रतेनुसार प्राधान्य मिळणार होतं.

"पात्रतेनुसार म्हंजे?" मोरेश्वरने विचारलं.

"म्हणजे ज्याला जे काम जमतं ते," कुंदाताई म्हणाल्या. त्यांना तसंच वाटत होतं.

प्रणालीला मात्र ते वाक्य बोचलं. कायद्याचं एकोणिसावं कलम तिने परवाना घेताना वाचलं होतं. राखेच्या जमिनीवर काम करणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल त्यात काहीतरी होतं. नेमकं काय, ते तिला त्या क्षणी आठवेना. मागं बसलेली एक बाई तेवढ्यात उठून म्हणाली, "माहा नवरा मेला तं कागदावर दारू लिवली. तो पीत नोयता. मी देतो माह्या छातीतली धूळ. लिवा आता खरं." त्यानंतर समाजमंदिरात इतका गलका झाला की विचारायचं ते राहून गेलं. पुढे प्रणालीने स्वतःला अनेकदा विचारलं, की खरंच आठवेना, की आठवायचं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत रांग लागली. एकशे बारा माणसं. सगळ्यांत पुढे मोरेश्वर.

गावाचा आकडा पन्नास पूर्णांक सात आला.

पहिली चिमणी त्याच दिवाळीला थंड झाली, दुसरी आणि तिसरी पुढच्या पावसाळ्याआधी. त्या उन्हाळ्यात लोक कितीतरी वर्षांनी गच्चीवर झोपले. कुंदाताईंच्या नातीचा पंप दप्तरातून कपाटात गेला. शाळेच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली आणि कुंदाताईंनी गल्लीत पेढे वाटले. नदीपलीकडचे डोंगर दिसू लागले. लहान मुलं ते बोटानं दाखवत. देवखडकीवरून बाहेरची गावं शिकू लागली, सह्यांचे तक्ते मागवू लागली. कायदा कामाचा ठरला होता, यात शंका नव्हती.

मग बंधाऱ्यावर भरती सुरू झाली, आणि कंपनीने कलम एकोणीस काढलं.

ते कलम चांगल्या हेतूने लिहिलेलं होतं. वाळलेली राख उकरताना धूळ उडते, म्हणून ज्याचा धूळभार आधीच मर्यादेबाहेर आहे त्याला राखेच्या जमिनीवर कामाला लावू नये. लावणारा मालक तुरुंगात जाईल. तपासणी कणवाचकावर, प्रमाणपत्र परवानाधारक तंत्रज्ञाचं.

वसाहतीतली माणसं पुन्हा प्रणालीच्या खोलीत येऊ लागली. तेच यंत्र, तीच वाफ. पहिल्या आठवड्यात तिने एकोणीस जणांना अपात्र लिहिलं. एक जण कागद घेऊन नुसता उभा राहिला. म्हणाला, "ताई, तवा हाच आकडा कामाचा होता." तिने पुढच्याचं नाव पुकारलं.

ती कुंदाताईंकडे गेली. सगळं ऐकून कुंदाताईंनी कंपनीचं ते पत्र काढून पुन्हा वाचलं. "मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं गं," त्या म्हणाल्या. "ज्याला जे काम जमतं ते."

"मीही तिथंच होते, ताई."

मोरेश्वर सगळ्यांत शेवटी आला, एका मंगळवारी. सदरा धुतलेला, दाढी केलेली. तो खुर्चीत बसला आणि वाफेचा मुखवटा त्याने स्वतःच तोंडाला लावला. दहा मिनिटं वाफ चालली. पडद्यावर आकडा आला. राख बंद होऊन वर्ष झालं होतं तरी भार जवळजवळ तेवढाच होता. फुफ्फुसात गेलेली राख बाहेर यायला एक आयुष्य पुरत नाही.

प्रणालीने दार लावून घेतलं. "भाऊ, दुसऱ्या कोणाचा नमुना लावता येतो. हे यंत्र नाव ओळखत नाही. पॅनल पुसायचं काम आहे, तू मास्क लावून..."

"मास्क लावून मले श्वास घेता येते का?"

प्रणालीने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"सांग ना. तू तं तंत्रज्ञ हायेस."

"नाही. जाड मास्क तुझ्या छातीला झेपणार नाही. तिथं तू दोन वर्षंही काढणार नाहीस."

"मंग खोटं कायले लिवतं?" तो रागावला नव्हता. "लोकायनं तुह्यावर भरोसा ठेवून छातीतलं काढून देल्लं. आता माह्यासाठी तू खोटं लिवलं, तं वीज केंद्रवाले म्हनतील, पयलं बी खोटंच होतं. पुन्हा चिमणी पेटवतील. लिव जे हाय ते."

प्रणालीने लिहिलं. अपात्र. खाली सही केली. तिची सही एरवी एका ओळीत सरळ येई; त्या दिवशी ती कागदाच्या कडेवर गेली.

मोरेश्वरने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. दारापाशी गेल्यावर तो थांबला. "चोपन्न अपात्र झाले न आपले?"

"तुला धरून चोपन्न."

"चोपन्न जनायनं कायद्याले साक्ष देल्ली. साक्षीदाराले वाऱ्यावर सोडत नाई म्हनते कोर्टात. हे बी पाह्य एकदा, तू शिकलेली हायेस."

त्या वाक्याने प्रणालीला झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आणि कुंदाताई अर्ज लिहू लागल्या. मागणी एकच: कलम चारखाली ज्यांनी नमुने दिले आणि त्याच धुळीमुळे जे कलम एकोणीसखाली अपात्र ठरले, त्यांना राखेपासून दूरचं काम द्या, आणि ज्यांना कुठलंच काम झेपत नाही, त्यांचा उपचार आणि पोट सरकारने सांभाळावं. कायद्यात तशी एक ओळ वाढवा.

यावेळी सह्या मिळवणं अवघड गेलं. हवा स्वच्छ झाली होती. ज्यांनी आधी रांगा लावल्या होत्या ते दार अर्धं उघडून म्हणत, "झालं ना आता ताई सगळं?" एकाने तर विचारलं, "कायद्याला नावं ठेवली तर बाकीच्या गावांत तो बंद पाडतील, मग?" हा प्रश्न खोटा नव्हता. प्रणालीलाही त्याची भीती वाटत होती. वीज केंद्राची जुनी मंडळी टीव्हीवर वसाहतीतल्या लोकांची नावं घेऊन खोटे अश्रू ढाळू लागली होती. एकोणचाळीस हजार सह्या देणाऱ्या गावातून सहा महिन्यांत चार हजार सह्या जमल्या. कायद्यात बदल सुचवणाऱ्या नागपूरच्या समितीने तरीही सुनावणीची तारीख दिली.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. मोरेश्वर खाली गाडीत बसून राहिला. त्याला तेवढे जिने चढणं शक्य नव्हतं. वहिनी त्याच्याजवळ थांबली. कुंदाताई आणि प्रणाली वर गेल्या.

टेबलामागे तिघं होते. मध्यभागी समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, सावकाश बोलणारे. वीज केंद्राच्या बाजूचा वकील होता, सौर कंपनीचाही होता. त्या दोघांचं निदान एका गोष्टीवर एकमत होतं: हा अर्ज भावनेच्या भरात केलेला आहे. सौर कंपनीचा वकील म्हणाला, "आम्ही या लोकांचा जीव वाचवण्यासाठीच त्यांना नाकारलं." ते खरंही होतं, म्हणून त्यावर रागावताही येईना.

अध्यक्षांनी चोपन्न नावांची यादी पुढे ओढली. "तुम्ही तंत्रज्ञ प्रणाली झाडे. धूळभाराची मोजणी तुमची, अर्जही तुमचा. यादीत पहिलं नाव मोरेश्वर गौरकार. हे कोण?"

"माझे सख्खे भाऊ."

अध्यक्षांनी चष्मा काढला. वकिलांपैकी एक जण हसला.

"बाई, राग मानू नका. पण सख्ख्या भावासाठी तुम्ही आलात. मग तुमच्या आकड्यांवर या समितीने विश्वास का ठेवावा?"

प्रणाली उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ निघाला.

"कारण साहेब, त्यांना अपात्र ठरवणाऱ्या कागदावर सही माझीच आहे."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला, तो कागद फाइलमधून काढून मागितला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.